तीस आकडे

१

हातकणंगल्याचे टांगेवाले मला शिव्या घालतात. स्टेशनाबाहेर आलं की हात करावा, टांगा थांबवावा, बसावं, एवढी साधी गोष्ट. मी हात वर करत नाही. तोंडानं हाका मारतो, आणि नाही ऐकलं तर या लंगड्या पायानं चालत सुटतो. "मास्तर, हात मोडलाय व्हय?" म्हणून टवाळ पोरं विचारतात. हात धडधाकट आहे. पण तो वर केल्यानं काय होतं ते मी एकदा बघितलंय, आणि तेवढं या जन्माला पुष्कळ झालं.

तेव्हा आम्ही कोल्हापुरात, मंगळवार पेठेत राहत होतो. महाराजांना गादीवर येऊन चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. राधानगरीच्या बाजूला एका खोऱ्यात तलाव बांधायचं घाटत होतं आणि त्या खोऱ्याचा नकाशा करायचं काम आम्हा तिघांकडं आलं. मापणीदार हंबीरराव, रानात काठी धरून उभा राहणारा माझा धाकटा भाऊ मौला, आणि घरात बसून नकाशा काढणारा मी, गौस. खाली आमचं बिऱ्हाड, वर माडीवर सरकारी काम. उजेडासाठी माडीच्या छपरात काचेची कौलं बसवून घेतली होती. दुपारी खोली अशी लख्ख व्हायची की भिंतीचा चुना डोळ्यांत खुपायचा.

हंबीरराव नवीन विद्या शिकून आले होते. साखळ्या ओढत रान तुडवायचं नाही, फोटो काढायचे आणि फोटोवरनं नकाशा करायचा. मला आधी हसूच आलं. पण विद्या खरी होती. खोऱ्याच्या वर दोन टेकड्या, थोरली आणि धाकटी. दोन्हींमधलं अंतर मोजून ठेवलेलं. सकाळी थोरलीवरनं एक फोटो, मग कॅमेरा खेचरावर लादून दोन तासांनी धाकटीवरनं दुसरा. फोटो कागदावर नाही, काचेवर. त्या काचा गवतात गुंडाळून बैलगाडीनं कोल्हापूरला यायच्या. मी त्या जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत धुवायचो आणि माडीवर नेऊन भिंगाखाली घ्यायचो. एका काचेवरनं वस्तूची नुसती दिशा कळते. म्हणून थोरलीवरनं एक रेघ मारायची, धाकटीवरनं दुसरी. रेघा एकमेकींना कापतील तिथं ती वस्तू. मग दोन्ही काचांवरनं तिची उंची वेगवेगळी काढायची, आणि ती जुळली की जागा पक्की.

मौलाचं काम त्याहून सोपं. हंबीररावांनी चुन्याची खूण केली असेल तिथं लाल-पांढरी काठी धरून उभं राहायचं. कॅमेऱ्याची टोपी काढल्यापासून घालेपर्यंत तीस आकडे. तेवढ्यात हललं की काचेवर नुसता धुरळा. हे त्याला मीच शिकवलं, आमच्या गल्लीत. मी खिडकीतनं हात वर केला की पुतळा व्हायचं, हात खाली केला की सुटायचं. मौला म्हणजे जेवतानासुद्धा दहादा उठणारा गडी. पण माझा हात वर गेला की नाकावर माशी बसली तरी हलायचा नाही. ओठांतल्या ओठांत आकडे मोजत राहायचा. त्याची बायको जरीना उंबऱ्यात उभी राहून हसायची. "भाईसाब, मी दिसभर बोंबलती तवा ऐकत न्हाईत. तुमचा नुसता हात वर झाला की खांब!"

जरीनाला सातवा महिना लागला होता. मौला रानात निघाला त्या दिवशी ती हसली नाही. "ह्यास्नी धड परत आणा, भाईसाब," म्हणाली. आमची आई गेली तेव्हा मौला पाच वर्षांचा. त्याला भरवून, न्हाऊ घालून मोठा केला तो मी. मी म्हटलं, "आणतो की. माझाच हाय त्यो."

२

पहिल्या खेपेच्या काचा झकास उतरल्या होत्या. काचेवर सगळं उलटं असतं. उजेड काळा उतरतो आणि जिथून उजेड येतच नाही तिथं काच कोरी राहते. मौलाचा पांढरा सदरा म्हणजे काळा ठिपका, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा, शेजारी काठीचा केसासारखा तुकडा. मी भिंग लावून बघत होतो. मौलाच्या जरा डावीकडं आणखी एक ठिपका होता, कोरा.

माझं डोकं फिरलं. धूळ! काच भरताना पेटी पुसून घ्या म्हणून हंबीररावांना शंभरदा सांगितलं होतं. धुळीचा कण काचेवर बसला की त्याच्याखाली उजेड पोचत नाही, तेवढी जागा कोरी. चार शिव्या हासडल्या आणि दुसरी काच घेतली, धाकट्या टेकडीवरची.

तीतही तो होता. मौलापासनं जरा लांब, पण तेवढाच आणि तसाच. भिंग अगदी जवळ नेलं. ठिपक्याला वर डोकं होतं आणि खाली दोन खांदे.

चेष्टा म्हणून रेघा मारल्या. एक थोरलीवरनं, एक धाकटीवरनं. स्वच्छ कापल्या. मौलाच्या मागं नऊशे फुटांवर, चढावर. मग उंची काढली, दोन्ही काचांवरनं वेगवेगळी. अर्ध्या फुटाचा फरक, म्हणजे जुळलीच म्हणायची. धुळीला उंची नसते, एवढं मला कळतं.

असेल एखादा धनगर, मी म्हटलं. काळी घोंगडी पांघरून उभा असेल, म्हणून कोरा उतरला. काय बिघडलं? पण दोन फोटोंमध्ये दोन तास गेले होते. मौलासुद्धा तेवढ्यात खाली बसतो, भाकरी खातो, मग परत खुणेवर उभा राहतो. हा दोन तास त्याच जागेवर होता. आणि आजूबाजूला एक मेंढरू दिसत नव्हतं. मी काचा पुसून ठेवल्या आणि खाली जेवायला गेलो.

३

चार दिवसांनी दुसरी खेप आली. मौला खोऱ्यात पुढं सरकला होता, नव्या खुणेवर उभा होता. कोरा त्याच्या मागं पाचशे फुटांवर.

त्यानंतरच्या खेपेला दोनशे.

गंमत अशी की नुसत्या काचेकडं बघून यातलं काही कळलं नसतं. काचेवर एकदा तो मौलाच्या अंगाला चिकटल्यासारखा दिसे, एकदा चार बोटं लांब. लांब-जवळ काय ते फक्त माझ्या कागदावर उमटत होतं. रानात हंबीररावांना दिसत नव्हतं, मौलाला दिसत नव्हतं. दोन रेघा मारणाऱ्या मला एकट्याला माहीत होतं, आणि तेही चार दिवस शिळं. मी इथं दोनशे म्हणत होतो, तोवर तिथं किती झाले असतील कुणाला ठाऊक. मी पेन्सिल खाली ठेवली आणि मलाच शिवी दिली.

हंबीररावांना चिठ्ठी लिहिली. मौलाजवळ दुसरं कोण उभं असतं? उत्तर गाडीवान जोतीरामानं आणलं. "कोणी नाही. तंबाखू कमी कर."

जोतीराम बैल सोडता सोडता म्हणाला, "मौलाबी कायतरी बोलला बरं का. म्हनला, भाईला सांग, तीस आकडं आता लई लांब वाटायल्यात. आन् उभं ऱ्हायलं की पाठीला गार लागतंय म्हनं. भर उन्हात!"

"आणि काय म्हणाला?"

"आनि काय? तुमच्या जरीनाबाईला खारीक-खोबरं द्या म्हनला." जोतीराम हसला. मला काही हसू आलं नाही.

४

चौथी खेप धुवायलाच घेऊ नये असं वाटत होतं. जिन्याखालच्या खोलीत लाल दिव्याच्या उजेडात काच पाण्यात हलवत होतो आणि वर येणारं चित्र बघायचं टाळत होतो. पण डोळे कुठं ऐकतात?

रेघा मारल्या. पंचेचाळीस फूट.

मी दोनदा मोजलं. पट्टी बदलून मोजलं. माझा स्वभाव असा की समोरच्याचं खोटं पडावं म्हणून दहादा मोजीन. त्या दिवशी माझंच खोटं पडावं म्हणून मोजत होतो. पंचेचाळीसच.

माझ्या हातनं आजवर एक काच खराब झाली नव्हती. मापणीच्या कचेरीत माझ्या नावाला तेवढी एकच किंमत होती. ती मी त्या दिवशी फुंकून टाकली. चिठ्ठी लिहिली: "कॅमेऱ्यात उजेड शिरतोय. सगळ्या काचा वाया गेल्या. काम थांबवून तिघेही परत या." तिघे म्हणजे हंबीरराव, मौला आणि खेचरवाला. लिहून झाल्यावर 'तिघेही' या शब्दाकडं मी बराच वेळ बघत बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मौला दारात. उन्हानं रापलेला, दाढी वाढलेली, दात काढून हसत. मी लंगडत गेलो आणि त्याला असं कवटाळलं की तो घाबरला. "काय झालं रं भाई? रडायलास का काय?" मी म्हटलं, "गप, गाढवा." त्याच्या पाठीमागं गल्ली बघून घेतली. गल्लीत भाजीवाली होती, दोन शेळ्या होत्या. जरीना चुलीपुढनं उठून आली, आणि मला वाटलं, झालं. आणला. दिलेला शब्द पाळला.

५

हंबीरराव मात्र पेटले होते. पेटी टेबलावर आपटून म्हणाले, "उजेड शिरतोय? कुठनं शिरतोय ते दाखव की!" कॅमेऱ्याचा कातडी भाता दिव्यावर धरून बघितला, टाचणीएवढं भोक सापडेना. "हातच्या काकणाला आरसा कशाला? इथंच दोन फोटो काढतो. समोरच्या त्या सज्ज्यातनं एक आणि त्याच्या शेजारच्या सज्ज्यातनं एक. तूच धू, तूच बघ. काच चांगली आली तर तुझी खैर न्हाय, गौस."

माझंच खोटं माझ्या गळ्यात आलं होतं.

मौलानं गल्लीत आमच्या दारापुढं काठी धरून उभं राहायचं ठरलं. "आणि तू वर खिडकीशी बस, तुझ्या टेबलाला," हंबीरराव मला म्हणाले. "आतलं बारीक कसं उतरतंय तेबी कळंल. दगडागत बसायला तुझ्यासारखा दुसरा कोन हाय पेठेत?"

खोटं नव्हतं ते. लंगडा माणूस, पंधरा वर्षं भिंगाला डोळा लावून बसलेला. मी बसलो की तासन्‌तास मान हलत नाही. जरीना म्हणते, भाईसाबांच्या अंगावर चिमणी घरटं बांधील.

बसलो. माझं सगळं लक्ष खाली मौलाकडं. हंबीररावांनी समोरच्या सज्ज्यातनं हात वर केला, टोपी काढली. पण मौला आता घरी आला होता, रान सुटलं होतं. जरीना दारातनं काहीतरी पुटपुटली आणि हा फिसकन हसला. दुसऱ्या सज्ज्यातनं दुसरा फोटो, तेव्हाही तेच. हंबीररावांनी वरनं आईबहीण काढली. मला बरं वाटलं. हस लेका, मनात म्हटलं, हल पाहिजे तेवढा.

मी मात्र हललो नाही. दोन्ही खेपेला तीस आकडे सरळ. पाठीला जरा गार लागलं. घाम वाळला असेल.

६

दुपारी काचा धुतल्या, वाळवल्या, माडीवर आणल्या. कौलांतनं ऊन खाली आलं होतं. हंबीरराव जेवायला त्यांच्या घरी गेले होते.

आधी मौला बघितला. दोन्ही काचांवर नुसता धुरळा, माणूस आहे एवढं कळावं इतपत. त्याच्या मागं काही नाही. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. आमचा उंबरा, पाण्याची कुंडी, बस्स. या अल्ला, तुझी मेहेरबानी. मी भिंग खाली ठेवलं आणि मोठ्यानं हसलो. दोन आठवड्यांत पहिल्यांदा मला भूक लागली.

मग सहज म्हणून भिंग वर सरकवलं, खिडकीकडं. मी कसा उतरलोय बघावं म्हणून.

छान उतरलो होतो. सदऱ्याची बटणं मोजावीत इतका. पाठीमागची चुन्याची भिंत उजेडानं भरलेली, म्हणून काचेवर गच्च काळी. आणि त्या काळ्यात, माझ्या खांद्याच्या वर, काच कोरी होती. डोकं, आणि दोन खांदे.

मी मागं बघितलं नाही. दुसरी काच घेतली. तीतही. मग मी जन्मभर केलं तेच केलं. कागद ओढला, दोन सज्जे मांडले, खिडकी मांडली, माझी खुर्ची मांडली. एक रेघ मारली. दुसरी मारायला पट्टी लावली आणि थोडा वेळ तशीच धरून बसलो. मारली.

खुर्चीच्या मागं दीड हात. उंची जुळली. पाय माडीच्या फळ्यांवर टेकलेले.

जुना नकाशा टेबलावरच होता. त्याच्याकडं बघता बघता मला माझी चूक कळली. मी दर खेपेला मौलापासनंच अंतर मोजलं होतं. नऊशे, पाचशे, दोनशे, पंचेचाळीस. त्या कोऱ्याच्या जागा एकमेकींना जोडून बघितल्याच नव्हत्या. शिकाऊ पोरगंसुद्धा असं करत नाही. मी केलं, कारण माझा जीव मौलात अडकला होता. आता चारी जागांवर पट्टी ठेवली. चारी एका रेघेत. रेघ खोऱ्याच्या तोंडातनं बाहेर पडत होती. मौलाच्या खुणा खोऱ्यातनं खाली खाली येत गेल्या, आणि तो आपल्या वाटेनं त्यांच्या जवळ येत गेला, एवढंच. मी शेजारी राज्याचा मोठा नकाशा पसरला आणि रेघ पुढं नेली. ती कुठं पोचते हे पट्टी उचलायच्या आधीच मला माहीत होतं.

कुणी न हलता बसलेलं त्याला पाहिजे होतं. मौला तीस आकडे उभा राहायचा. मी पंधरा वर्षं बसलो होतो.

पाठ गार पडली होती. घाम नव्हता.

७

जिन्याची पायरी वाजली. मग दुसरी.

"भाई, आज खाली येतच न्हाईस व्हय?" मौलाचा आवाज. "भाकरी वर आणली बघ. जरीनानं वांगं केलंय."

मी उठलो. कसा उठलो ते मला माहीत नाही, टेबलाला धरून, दाराकडं तोंड करून, पाठ खोलीकडं. त्याला ओरडून सांगायचं होतं, वर येऊ नकोस, फिर मागं, पळ. घशातनं आवाज फुटेना. मौला दारात आला. एका हातात ताटली, एक पाय उंबऱ्यावर, तोंडावर हसू. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो आत आला असता.

थांब म्हणून मी हात वर केला.

मौला थांबला.

थांबला म्हणजे कसा? मी शिकवला होता तसा. पाय उंबऱ्यावर, ताटली हातात, हसू तसंच ओठांवर. फक्त ओठ बारीक हलायला लागले. एक. दोन. तीन. त्याला वाटलं असेल, भाई चेष्टा करतोय. त्याचे डोळे माझ्या डोळ्यांत होते. सहा-सातपर्यंत आला असेल, तेव्हा ते माझ्यावरनं सुटले आणि माझ्या खांद्याच्या वर गेले.

डोळ्यांतलं हसू गेलं. ओठांवरचं राहिलं, कारण हलायचं नव्हतं.

हात खाली घे, मी मला म्हणत होतो. घे की रं मुडद्या, हात खाली घे. खांद्यापासनं बोटांपर्यंत तो हात माझा राहिला नव्हता. माझ्या कानाजवळनं काहीतरी गार पुढं गेलं, विहिरीत वाकल्यावर तोंडाला लागतं तेवढं गार. पायाखालची फळी कुरकुरली नाही. कौलांतलं ऊन मौलाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं होतं. ते एका खांद्याकडनं नाहीसं होत गेलं. सावली पडते तसं नव्हे, सावलीत सदरा दिसतो. तिथं काहीच दिसेना. त्याचे ओठ हलत होते. एकोणीस. वीस. माझ्याकडं बघायला डोळे एकदाच आले, लहानपणी ताप चढला की बघायचा तसे. भाई, सांग की, सोडलास म्हणून. पण हलला नाही. माझा हात वर होता.

तीस मी ऐकले नाहीत. ऊन परत सदऱ्यावर आलं. मौला दारात होता. एक पाय उंबऱ्यावर, हातात ताटली, भाकरीची कड वांग्यात भिजलेली.

खालनं जरीनानं हाक मारली, "अवो, जेवले का भाईसाब?"

माझा हात आता माझा झाला होता. मी तो खाली केला.

"सुटलास, मौला," मी म्हटलं.

मौला हलला नाही.